कानाने निवडलेला कॉम्प्युटर

मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या गल्लीत सगळ्यात शेवटचं दुकान कानवाले काकांचं. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, पंपाच्या, पंख्यांच्या, लेथच्या. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, हा काकांचा चाळीस वर्षांचा धंदा. पण नाव झालं होतं ते कानामुळे. मोटार चालू करायची, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग काका डोळे उघडून सांगायचे, "मागचं बेअरिंग. महिनाभर ओढेल, पुढे माझ्या नावाने ओरडू नका." आणि बेअरिंग खरोखरच महिनाभर ओढायचं. शेजारपाजारचे दुकानदार अडलं की मोटार उचलून त्यांच्याकडे आणत, आणि काका नको नको म्हणत, पण मनातून खूश होत. आपला कान हीच आपली डिग्री, असं ते येताजाता म्हणायचे. जरा जास्तच म्हणायचे, असं काकूंचं मत होतं.

काकांना एकच लेक. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, सकाळी सात ते दुपारी तीन. ती गायची. मोठ्याने नाही, चारचौघांत तर नाहीच. समोर दोन माणसं बसली की हिच्या घशाला कोरड पडलीच म्हणून समजा. पण एकटी असली, खोलीचं दार लावलेलं असलं, की अशी काही हळू, कानाशी बोलल्यासारखी गायची की बाहेर काकू हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. तिने मैत्रिणीच्या बाळासाठी एक अंगाई रचली होती. मैत्रिणीने ती फोनवर उतरवली आणि लहान मुलांची गाणी काढणाऱ्या एका कंपनीकडे परस्पर पाठवून दिली. तिथल्या बाईंचा फोन आला. तीन अंगाया नीट रेकॉर्ड करून महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाठवा, आवडल्या तर बारांची मालिका करू. "फक्त एक," बाई म्हणाल्या, "मागे कसलाही आवाज नको. हे गाणं बाळाच्या कानाशी वाजणार आहे."

स्टुडिओत ती एकदा जाऊन आली. काचेपलीकडे दोघं जण हाताची घडी घालून बघत बसले आणि हिच्या तोंडून सूर फुटेना. घरी गायचं तर जुना लॅपटॉप चालू होताच मिक्सरसारखा घुं करायचा. मग ठरलं, मागच्या खोलीत एक चांगला डेस्कटॉप घ्यायचा. मोठा डबा, मोठे संथ पंखे, टेबलाखाली ठेवला की पत्ताही लागू नये असा.

"मी जरा चौकशी करते, बाबा. लॅबमधला एक जण सांगत होता..."

"चौकशी कसली?" काका ताठ बसले. "आवाज न करणारं मशीन हवंय ना तुला? मग ते निवडायला माझ्याइतका लायक माणूस तुला मिळणार आहे कुठे? तू फक्त आत काय काय पाहिजे ते लिहून दे."

लेकीने आईकडे पाहिलं. आईने, दे बाई लिहून, अशी मान हलवली. लेकीने चिठ्ठी लिहिली: सोळाची रॅम, एसएसडी, प्रोसेसर मधल्या प्रतीचा चालेल, आवाज कमीत कमी. शेवटच्या ओळीखाली काकांनी स्वतःच्या पेनाने दोन रेघा मारल्या.

कॉम्प्युटरच्या दुकानात काका गेले ते खिशात स्क्रू ड्रायव्हर घालूनच. दुकानदार बोलका होता. त्याने पहिलं जे मशीन लावून दाखवलं त्याच्या एका बाजूला काच, आणि काचेच्या आत निळे, जांभळे, गुलाबी दिवे गरगर फिरत होते.

"ह्यात मासे सोडायचे का?" काकांनी विचारलं.

"गेमिंगचं आहे काका. एकदम सुसाट."

"आमच्या मुलीला गायचंय. सुसाट कुठे जायचं नाही तिला."

दुसरं मशीन साधं, काळं. काकांनी डब्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. दुकानदार गंमत बघत राहिला. "मागचा पंखा बुशवर फिरतोय, बेअरिंगवर नाही," काका म्हणाले. "सहा महिन्यांनी घरघर लागेल त्याला." दुकानदाराने खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि त्याचा चेहराच पडला. होता खरा बुशवर. तिथून पुढे त्याचं "काका, काका" जरा जास्तच अदबीने सुरू झालं.

तिसरं मशीन राखाडी, वजनदार, तळहाताएवढे दोन पंखे. काकांनी दुकानातला एसी बंद करायला लावला, शटर अर्धं खाली ओढायला लावलं. मशीन चालू झालं. काका ऐकत राहिले. स्क्रू ड्रायव्हर वर टेकवला, खाली टेकवला, मागे टेकवला. पंखे असे फिरत होते की नुसती हवा सरकल्याचं कळावं. "वा!" काका म्हणाले. "ह्याला म्हणतात बेअरिंग. हेच बांधा."

दुकानदार घुटमळला. "काका, ह्याच्यात मला एक बारीक शिट्टी येतेय हो. परवा माझ्याकडे दुसरा माल येतोय, तेव्हा..."

"कुठाय शिट्टी?"

"ही काय. अगदी बारीक. ई... अशी."

काकांनी पुन्हा मूठ लावली. काही नव्हतं. चांगलं मशीन नजरेला पडलं की दुकानदार महागाचा माल पुढे करतात, हे काकांना काय नवीन होतं? "रस्त्यावरून काहीतरी येत असेल तुमच्या कानात," ते म्हणाले. "मी आयुष्यभर हेच ऐकत आलोय."

"तुमच्यापुढे मी काय बोलणार!" दुकानदाराने हात जोडले. "तुम्ही कानवाले." आणि काका मशीन रिक्षात मांडीवर घेऊन, लहान मूल आणावं तसं, घरी घेऊन आले.

संध्याकाळी सगळ्या तारा जोडून झाल्या. लेकीने हेडफोन कानाला लावला, माइक चालू केला आणि दोन क्षण गप्प बसली. काका तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"बोल की! कसंय?"

"छान आहे, बाबा."

"पंख्याचा आवाज?"

"अजिबात नाही. पंखे खरंच शांत आहेत."

झालं. दुसऱ्या दिवशी गल्लीत असं एकही दुकान उरलं नाही जिथे काकांनी त्या मशीनची गोष्ट रंगवून सांगितली नाही. त्या बुशच्या पंख्याचा किस्सा तर दिवसेंदिवस लांबतच गेला.

दोन आठवडे असे गेले. लेक दुपारी घरी येई, जेवे, मागच्या खोलीत शिरे आणि दार लावून घेई. पण काहीतरी बिनसलं होतं. एक दिवस काका डोकावले तर मशीनवर रजई गुंडाळलेली. "अगं गुदमरेल ते!" "धूळ बसते, बाबा," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात, कपाटाचं दार तारेपुरतं किलकिलं. तिसऱ्या दिवशी माइक पार खिडकीशी आणि ही भिंतीकडे तोंड करून गातेय. बाहेर आली की चेहरा उतरलेला. झालं का एखादं गाणं, म्हणून विचारलं तर, "पुसलं, उद्या पुन्हा करते." मायलेकी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजत आणि काका आले की भांडी वाजवायला लागत.

काकांनी आपल्या परीने निदान केलं. घाबरतेय पोरगी, दुसरं काय. स्टुडिओत झालं तेच. मग एका रात्री जेवताना त्यांनी तिला चांगलं सुनावलं. "आवाज चांगला आहे तुझा, पण स्वतःवर भरवसा नाही. सारखं काय पुसायचं? आधी म्हणायचीस, लॅपटॉप आवाज करतो. आता मशीन एक नंबरचं आणून दिलंय. आता कुठली सबब सांगणार आहेस?"

"नाही सांगत, बाबा," लेक म्हणाली आणि ताटात बघून जेवत राहिली. काकूंनी पाण्याचा तांब्या जरा जोरातच खाली ठेवला.

शनिवार दोन दिवसांवर आला. गुरुवारी दुपारी काका दुकान बंद करून जेवायला आले. लेक अजून लॅबमध्ये होती. मागच्या खोलीत मशीन चालूच राहिलं होतं, सकाळी घाईत बंद करायचं विसरली असणार. काका बंद करायला म्हणून गेले आणि पडद्यावर नावांची एक लांबलचक यादी दिसली. सहज वाचायला लागले.

अंगाई १, शिट्टीसकट.
अंगाई १, रजईखाली.
अंगाई १, कपाटात.
अंगाई १, शिट्टी कापली, गाण्यातला श्वासही गेला.
अंगाई २, खिडकीपाशी, तरी शिट्टी.
अंगाई २, देवा.

आधी त्यांना हसू आलं. मग "शिट्टी" हा शब्द दुसऱ्यांदा वाचला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. दुकानदाराचं ते 'ई' आठवलं. त्यांनी यादी खाली सरकवली. चाळीसच्या वर नावं होती.

त्यांनी पहिल्या नावावर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. खाली लेकीच्या आवाजाचे चढउतार, नारिंगी, मऊ. आणि वर, पार वरच्या बाजूला, आडवी एक बारीक पांढरी रेघ, किंचित थरथरणारी. लेक गात होती तिथेही होती, आणि दोन ओळींच्या मधे ती श्वास घ्यायला थांबली होती तिथेही होतीच. काकांनी हेडफोन लावला. लेकीचा आवाज आला, इतका जवळून की त्यांचे डोळे पाणावले. मग ती थांबली. डोळ्यांसमोर रेघ चालली होती आणि कानात काहीच नव्हतं. त्यांनी आवाज वाढवला. अजून वाढवला. लेकीचा श्वास वाऱ्यासारखा मोठा झाला, पण रेघेचा आवाज काही येईना.

काकांनी हेडफोन काढून ठेवला.

"अगं, जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली.

काकू पदराला हात पुसत आल्या. दारातच थबकल्या.

"ह्या मशीनचा काही आवाज येतो का तुला?"

काकूंनी मशीनकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "कसला आवाज यायचाय? तुम्ही जेवायला चला आधी, गार होतंय."

"खरं सांग."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. "येते हो शिट्टी. पहिल्या दिवसापासून येते. मी तर दुपारी ह्या खोलीचं दार लावून घेते, डोकं धरतं माझं."

"आणि मला कुणी सांगायचं नाही?"

"मी निघाले होते सांगायला. लेकीने हात जोडले माझ्यापुढे. म्हणाली, आई, बाबांच्या कानाचा प्रश्न आहे, तू काही बोलू नकोस, मी करते काहीतरी." काकूंनी एकदा तोंड उघडलंच होतं, तर आता मागे ठेवण्यात काय अर्थ होता! "आणि हे काय आजचं आहे का? ताप आला की थर्मामीटर काखेत धरून बसता. तो बिचारा वाजून वाजून थकतो. मी येऊन काढते तर म्हणता, घाई करतेस. दोन थर्मामीटर तुम्ही बिघडले म्हणून फेकलेत. बिघडले नव्हते ते."

दोन्ही थर्मामीटरच्या वेळी काकांनी औषधाच्या दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या, आणि काकू शेजारी उभ्या राहून हो ला हो म्हणत होत्या.

काकू ताट वाढायला गेल्या आणि काका स्टुलावर बसून राहिले. त्यांना भीती वाटली. उगीच नाही, खरीखुरी भीती. बेअरिंग जायला लागतं तेव्हा आधी ते बारीक आवाजातच कुरकुरतं, मोठ्याने ओरडतं ते फार उशिरा. गेल्या दोन वर्षांत तीन मोटारी परत आल्या होत्या. तिन्ही वेळा काकांनी दोष गिऱ्हाइकाच्या वापरण्याला दिला होता, आणि गिऱ्हाइकांनी मान खाली घालून तो घेतलाही होता, कारण सांगणारे कानवाले काका होते. सगळे ऐकून घेत होते. घरी, बाजारात, सगळीकडे आपल्याला सांभाळून घेतलं जात होतं आणि आपण मात्र छाती काढून हिंडत होतो. पण त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. पोरगी चाळीस वेळा ती शिट्टी कानात घेऊन गायली, आणि वर आपण तिला जेवणाच्या ताटावर विचारलं, आता कुठली सबब?

त्यांनी डोळे पुसले आणि कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला.

"शिट्टी ना?" दुकानदार म्हणाला. "बोर्ड बदलून देतो काका, पण यायला आठ-दहा दिवस लागतील. मी म्हणालो होतो तुम्हाला..."

"म्हणाला होतास. चूक माझी झाली."

दुकानदार गडबडला. काकांकडून हे वाक्य ऐकायची कुणालाच सवय नव्हती. "नाही नाही, तसं नाही काका..."

"ही शिट्टी आतल्या कुठल्या भागातून येते रे? त्यात कॉइल असते का एखादी?"

"एक नाही, पाच-सहा असतात. बोर्डावर, प्रोसेसरच्या शेजारी रांगेने. त्यातली एखादी सैल असली की करते असा आवाज."

सैल गुंडाळलेली तार थरथरते आणि थरथरली की गाते, हे काकांना कुणी शिकवायला नको होतं. तशा शेकडो कॉइली त्यांनी वॉर्निश पाजून गप्प केल्या होत्या. दुखणं त्यांच्याच धंद्यातलं निघालं होतं, फक्त ते त्यांना ऐकू येत नव्हतं. काका जेवले, दुकानात जाऊन वॉर्निशची बाटली, बारीक ब्रश आणि लाकडी काड्या घेऊन आले आणि कामाला लागले.

साडेतीनला लेक घरी आली तेव्हा मशीन टेबलावर आडवं, एक बाजू उघडी, वर दिवा ओढलेला. बोर्डावर तांब्याच्या तारेच्या सहा कॉइली एका ओळीत बसलेल्या, वाटाण्याएवढ्या. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती दारात उभी राहिली.

"बाबा, हे काय?"

"तुझी सगळी नावं वाचली मी. ते 'रजईखाली' बरं आहे. पण 'देवा' बेस्ट."

तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "बाबा, ते मी नुसतं..."

"बस इथे."

ती बसली. काकांना बरंच काही बोलायचं होतं, दुपारभर मनात जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच. "शनिवार निघून गेला असता, तरी सांगितलं नसतंस?"

लेक खाली बघत राहिली. "नसतं."

"वेडी आहेस का गं तू? किती वर्षांनी कुणीतरी तुझं गाणं मागितलं!"

"तुम्ही इतके खूश होतात, बाबा. मशीन मांडीवर घेऊन आलात. गल्लीभर सांगत फिरलात. मी कशी सांगणार होते? वाटलं, होईल काहीतरी, एखाद्या वेळी कमी येईल." तिला रडू फुटलं. "आणि मला कळलं होतं ना, ती शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही म्हणजे काय ते. मला ते बोलायचंच नव्हतं."

काका काडीने टेबलावर उगीच रेघा ओढत राहिले. "मला राग नाही आला," ते म्हणाले. "थोडा आला होता, तो जेवलो तेव्हा गेला. मला भीती वाटतेय. माझ्याकडे दुसरं आहे काय? कान गेला तर उद्या दुकानात बसून मी काय करू?"

"सगळा थोडाच गेलाय! वरचं वरचं जरा गेलंय. आपण तपासून घेऊ, बाबा. मी येते तुमच्याबरोबर."

"ते जाऊ पुढच्या आठवड्यात. आधी हे." काकांनी नाक पुसलं आणि काडी उचलली. "मी एकेक कॉइल दाबून धरतो. तू ऐकायचं आणि सांगायचं. शिट्टी आहे की गेली, एवढंच. आत हात घालायचा नाही."

मशीन चालू झालं. लेकीने कान पुढे केला. काकांनी काडीचं टोक पहिल्या कॉइलवर ठेवलं आणि हळूच दाबलं.

"आहे."

दुसरी. "आहे." तिसरी. "आहे... जरा बदलली, जाड झाली." चौथी दाबली तशी ती खुर्चीत उडालीच. "गेली! बाबा, गेली! सोडा बरं. आली. दाबा. गेली!"

"अगं हो, ओरडू नकोस, काडी सटकेल."

दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मेली कटकट," त्या म्हणाल्या. "एवढुशी तर आहे."

काकांनी मशीन बंद केलं, तार काढली, चष्मा वर-खाली करून जागा नीट धरली आणि चौथ्या कॉइलला वॉर्निशचे तीन थेंब दिले. तार थेंब पिऊन गडद झाली. मग दिव्याखाली वाळायला ठेवून तिघांनी चहा घेतला. लेक मधेच त्या मालिकेबद्दल बोलायला लागली, बाराच्या बारा अंगायांना काय नावं द्यायची ते. काका ऐकत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. दोन तास तरी हवे होते. त्यांनी अडीच दिले.

मग मशीन पुन्हा चालू केलं. पंखे सरकायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांनी मशीन चालू करून कान पुढे नेला नाही. हात मांडीवर ठेवून ते लेकीच्या तोंडाकडे बघत बसले. तिने हेडफोन लावला.

"गेली," ती लगेच म्हणाली. "गेली, बाबा! मस्त झालं."

काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. काका मात्र हलले नाहीत. कान नसला तरी चेहरा वाचायला डोळे होते त्यांच्याकडे, आणि ही पोरगी त्यांनी लहानाची मोठी केली होती. उत्तर फार लवकर आलं होतं.

"पुन्हा ऐक."

"अहो बाबा, खरंच..."

"माझं ऐक जरा. मला काहीही ऐकू येत नाहीये. तू म्हणशील ते मला खरं धरावं लागणार, आज आणि यापुढेही. मग तू खोटं बोललीस तर मी जाऊ कुठे?" काकांचा आवाज कापला आणि त्यांनी तो कापू दिला. "मी कोण आहे ते विसर. कुणी परक्याने मशीन आणून दिलंय असं समज. डोळे मिटून ऐक."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग हेडफोन नीट बसवला, डोळे मिटले आणि श्वास धरून बसली. काकूंनी कप तसाच हातात धरून ठेवला होता. बराच वेळ गेला. काकांना वाटलं, आता हिला पुन्हा रडू येणार.

लेकीने डोळे उघडले. "आहे, बाबा," ती म्हणाली. "थोडीच आहे. पण आहे."

काकांचे डोळे भरून आले. पण त्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी स्टूल तिच्या खुर्चीला भिडवून पुढे ओढलं, दिवा खाली घेतला आणि नवी काडी काढली.

"हां," ते म्हणाले. "कुठून येतेय ते सांग."